हॉर्नचा वापर आणि गाडी चालवण्यातले रोजचे शिष्टाचार

हॉर्न म्हणजे गाडीवर बसवलेलं, आवाज करून इशारा देणारं साधन. त्याचं खरं काम एकच, ज्याला तुमची गाडी दिसलेली नाही त्याला ती आहे हे वेळेत कळवणं. "सरक की पुढे", "सिग्नल सुटला ना", "मी खाली आलोय, ये लवकर", "अशी चालवतात का गाडी" हे बाकीचे सगळे अर्थ लोकांनी नंतर त्याच्यावर लादलेत आणि ते त्याला झेपत नाहीत, कारण हॉर्नला एकच सूर असतो आणि तो कोणासाठी वाजवलाय हे ऐकणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो. चौकात पंधरा गाड्या उभ्या असताना एकाने हॉर्न दिला की पंधराही जण आरशात बघतात, आणि ज्याच्यासाठी दिला तो बऱ्याचदा बघतच नाही. म्हणून रस्त्यावरच्या शिष्टाचारांचा विचार हॉर्नपासून सुरू झाला तरी तो तिथेच थांबत नाही, इंडिकेटर, डिपर (हेडलाईटचा खाली वळवलेला झोत), दोन गाड्यांमधलं अंतर आणि पायी चालणारा माणूस हे सगळं त्यात येतं.

सुरुवात कशी झाली

पहिल्यांदा गाड्या रस्त्यावर आल्या तेव्हा तिथे घोडे, बैल आणि पायी माणसं होती आणि भीती त्यांच्या जिवाची होती. ब्रिटनमध्ये १८६५ च्या कायद्याने तर यांत्रिक वाहनाच्या पुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालायला लावला होता. १८९६ च्या कायद्याने हलक्या गाड्यांवरची ही बंधनं सैल झाली आणि त्याच कायद्यात गाडीवर घंटा किंवा ऐकू जाईल असं दुसरं काहीतरी साधन हवं अशी अट आली. म्हणजे पुढे चालणाऱ्या माणसाची जागा आवाजाने घेतली, आणि तो आवाज रस्त्यावरच्या इतरांच्या रक्षणासाठी होता, गाडीवाल्याला वाट मोकळी करून द्यायला नव्हता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते कारण आज नेमकं उलटं झालंय.

नंतर रबरी फुगा दाबून वाजवायचे भोंगे आले, मग विजेचे. अमेरिकेत मिलर रीझ हचिसनने क्लॅक्सन नावाचा हॉर्न बनवला, १९०८ च्या सुमारास तो बाजारात आला आणि जगभर पोचला. त्यात छोटी मोटर एक दातेरी चाक फिरवायची आणि ते दाते धातूच्या पडद्यावरच्या खुंटीला घासत जायचे, त्यातून तो जुन्या गाड्यांचा ओळखीचा कर्कश आवाज यायचा. याच हचिसनने त्याआधी कमी ऐकू येणाऱ्या लोकांसाठी विजेवर चालणारं श्रवणयंत्र तयार केलं होतं.

हॉर्न वाजतो कसा

आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये विद्युतचुंबकी हॉर्न असतो. बटण दाबलं की तारेच्या वेटोळ्यातून करंट जातो, चुंबक तयार होतो, तो स्टीलचा पातळ पडदा ओढतो, पडदा ओढला गेला की आतला संपर्क तुटतो आणि करंट बंद होतो, पडदा परत जागेवर येतो, संपर्क पुन्हा जुळतो, आणि हे असं सेकंदाला काहीशे वेळा होत राहतं. हॉर्न बराच करंट खातो म्हणून बहुतेक गाड्यांत मधे रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवलेला असतो. पुष्कळ गाड्यांमध्ये दोन हॉर्न एकत्र वाजतात, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक, त्यामुळे आवाज भरलेला आणि लांब जाणारा वाटतो. मोठ्या ट्रकवरचे एअर हॉर्न वेगळे, ते दाबलेल्या हवेवर चालतात.

आवाज किती असावा यालाही मर्यादा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २८ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार गाडीसमोर ७ मीटरवर मोजलेला हॉर्नचा आवाज ११२ डेसिबलच्या वर जाता कामा नये. डेसिबलचं मोजमाप साधं बेरजेचं नाही, १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. आता विचार करा की हॉर्नचा सगळ्यात जास्त मारा कोणाला बसतो? समोरच्या गाडीत काचा लावून, एसी आणि गाणी चालू ठेवून बसलेल्या ड्रायव्हरला अजिबात नाही. तो बसतो फुटपाथवरून चालणाऱ्याला, सायकलवाल्याला, आईच्या कडेवरच्या बाळाला, खिडकीशेजारी झोपलेल्या आजारी माणसाला, म्हणजे ज्यांचा त्या भांडणाशी काही संबंध नाही त्यांना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज दिवसभराच्या भारित सरासरीत (म्हणजे संध्याकाळचा आणि रात्रीचा आवाज जास्त धरून काढलेल्या सरासरीत) ५३ डेसिबलच्या आणि रात्री ४५ डेसिबलच्या खाली ठेवायला सांगितलंय, कारण त्यापुढे झोपमोड आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

कायदा काय म्हणतो

रस्ते वाहतुकीबद्दलचा १९६८ चा व्हिएन्ना करार यात बराच स्पष्ट आहे. त्याच्या २८ व्या कलमात हॉर्नला दोनच कारणं मान्य आहेत, अपघात टाळण्यासाठी इशारा देणं, आणि वस्तीबाहेर पुढच्या गाडीला आपण ओव्हरटेक करतोय हे कळवणं. शिवाय आवाज गरजेपेक्षा जास्त वेळ लांबवायचा नाही. जर्मनीचा कायदाही जवळपास हेच म्हणतो. ब्रिटनच्या हायवे कोड या रस्त्याच्या नियमपुस्तिकेनुसार गाडी उभी असताना हॉर्न वाजवायचाच नाही आणि वस्तीत रात्री ११.३० ते सकाळी ७ पर्यंत चालत्या गाडीतूनही नाही, अपवाद फक्त दुसऱ्या वाहनामुळे धोका असेल तेव्हाचा. जपानमध्ये घाटातल्या आंधळ्या वळणांवर हॉर्न वाजवा असा फलकच असतो आणि तिथे वाजवणं बंधनकारक आहे, इतर ठिकाणी मात्र धोका टाळण्याखेरीज मनाई. भारतात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवण्यासाठी १९४ फ हे स्वतंत्र दंडाचं कलम आलं.

कायदे आहेत पण पाळले जातात का, तर शहरांचा अनुभव दोन्ही तऱ्हेचा आहे. पॅरिसमध्ये १९५४ साली पोलिसप्रमुख आंद्रे द्युबुआ यांनी हॉर्नवर बंदी घातली आणि इतकी वर्षं हॉर्नशिवाय गाडी चालूच शकत नाही असं म्हणणाऱ्या शहरात ती चालली. काठमांडूने २०१७ च्या एप्रिलमध्ये, नेपाळी नववर्षाच्या दिवसापासून, विनाकारण हॉर्नवर बंदी आणली आणि तिथेही फरक पडला. उलट न्यूयॉर्कने हॉर्न वाजवल्यास दंड अशा पाट्या वर्षानुवर्षं लावून ठेवल्या होत्या, त्या २०१३ मध्ये काढून टाकल्या कारण लोक त्यांच्याकडे बघत नव्हते (नियम तसाच राहिला, पाट्या गेल्या). मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०२० च्या सुमारास काही सिग्नलना डेसिबल मीटर जोडून बघितले, आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. पाटीपेक्षा हे जास्त समजतं, कारण घाईत केलेला हॉर्न घाईच्याच आड येतो हे तिथल्या तिथे दिसतं.

माणूस हॉर्न का वाजवतो

यावर झालेलं संशोधन वाचण्यासारखं आहे. १९६८ मध्ये डूब आणि ग्रॉस या दोघांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग केला, सिग्नल हिरवा झाल्यावर मुद्दाम गाडी हलवायचीच नाही आणि मागचा काय करतो ते मोजायचं. समोर जुनी स्वस्त गाडी असली तर ८४ टक्के लोकांनी हॉर्न वाजवला, नवी महागडी असली तर ५० टक्क्यांनीच. खोळंबा दोन्ही वेळा सारखाच होता. म्हणजे हॉर्न फक्त उशिरामुळे वाजत नाही, समोरचा कोण आहे हे बघून वाजतो, आणि ज्याच्यावर आवाज चढवलेला चालतो असं वाटतं त्याच्यावर जास्त चढवला जातो. १९८६ मध्ये केनरिक आणि मॅकफार्लेन यांनी ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये असाच प्रयोग उन्हाळ्याच्या तापमानाशी जोडून केला, तर जसा पारा चढला तसे हॉर्न वाढले, आणि ज्यांच्या काचा उघड्या होत्या त्यांच्यात हे जास्त ठळक दिसलं.

सिग्नलवरच्या हॉर्नबद्दल थोडं हिशेबाने बोलू. हिरवा लागला की सगळी रांग एकदम हलत नाही, पहिला बघतो, गिअर टाकतो, निघतो, मग दुसऱ्याला जागा होते, मग तिसऱ्याला. चांगल्या रस्त्यावरही एका लेनमधून गाड्या साधारण दोन-दोन सेकंदांच्या अंतरानेच पुढे जातात, म्हणजे दहाव्या नंबरच्या गाडीला रेषा ओलांडायला वीसेक सेकंद लागणारच आणि तिने हॉर्नवर हात ठेवून दिला तरी त्यातला एक सेकंदही कमी होत नाही. पुढचा खरंच मोबाईलमध्ये अडकला असेल तर दोन-तीन सेकंद थांबून एक छोटा टिक पुरतो.

जॅममध्येही तेच. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या, ना सिग्नल ना अडथळा, तरी थोड्या वेळात तिथे जॅम तयार झाला आणि तो मागे मागे सरकत राहिला. एकाने किंचित ब्रेक मारला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त, झालं. ज्या जॅमला कोणी एक माणूस जबाबदारच नाही तिथे हॉर्न कोणाला उद्देशून वाजवायचा?

सतत वाजणाऱ्या हॉर्नचं सगळ्यात मोठं नुकसान मात्र वेगळंच आहे. कान त्याला सरावतात. जिथे दर मिनिटाला हॉर्न ऐकू येतो तिथे माणूस वळून बघणं सोडून देतो, आणि मग एक दिवस खरोखर ट्रकचा ब्रेक फेल झालेला असतो आणि त्याच्या हॉर्नकडेही कोणी बघत नाही. रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या वाट्याची ती धोक्याची सूचना असते आणि विनाकारण वाजवणारा ती सगळ्यांची मिळून संपवतो.

हॉर्नऐवजी काय

ज्या गोष्टीसाठी लोक हॉर्न वाजवतात त्यातली बरीचशी कामं आधीच दुसऱ्या तऱ्हेने झालेली असायला हवीत. लेन बदलायची तर आधी आरसा, मग इंडिकेटर, मग मान वळवून आरशात न दिसणारा कोपरा, आणि मग स्टिअरिंग. वळता वळता दिलेला इंडिकेटर काही कामाचा नाही, तो मागच्याला ब्रेक मारायला वेळ मिळावा म्हणून असतो. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं, ताशी ८० किलोमीटरला ते साधारण ४४ मीटर भरतं, आणि ओल्या रस्त्यावर दुप्पट. हे अंतर असलं की पुढच्याने अचानक काही केलं तरी तुम्हाला हॉर्नची आठवणच येत नाही, ब्रेक पुरतो. अगदी मागे चिकटून अप्पर, म्हणजे हेडलाईटचा वरचा झोत, मारत राहणं हे तर हॉर्नहून वाईट, पुढच्याचं लक्ष रस्त्यावरून आरशात जातं. रात्री समोरून गाडी आली की डिपरवर यायचं, आणि कोणाच्या मागे असाल तरीही, कारण आरशातून तोच झोत त्याच्या डोळ्यात जातो.

दोन लेनची एक लेन होते तिथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. जर्मनीत यासाठी कायद्यातच लिहिलंय की अडथळ्यापर्यंत दोन्ही लेन वापरायच्या आणि अगदी तोंडाशी एक इकडची एक तिकडची असं चेनच्या दातांसारखं आत यायचं. शेवटपर्यंत येणारा घुसखोर नसतो, तो जागा नीट वापरत असतो, आणि त्याला आत न घेणारा रांगच लांबवतो.

सौजन्याबद्दल एक गोष्ट नेहमी विसरली जाते. रस्त्यावर चांगुलपणापेक्षा अंदाज येण्यासारखं वागणं जास्त जीव वाचवतं. आपला हक्क असताना मधेच थांबून समोरच्याला हात करून "जा" म्हणणं छान वाटतं, पण तुमच्या शेजारच्या लेनमधून येणाऱ्याला तो हात दिसलेला नसतो, आणि पायी माणूस तुमच्या भरवशावर पुढे पाऊल टाकतो. हेडलाईटच्या झोताचंही तसंच, एकाला त्याचा अर्थ "तू जा" वाटतो आणि दुसऱ्याला "थांब, मी येतोय". म्हणून ब्रिटनचा हायवे कोड सांगतो की झोत फक्त "मी इथे आहे" एवढ्यासाठी द्यायचा आणि दुसऱ्याने दिलेला झोत म्हणजे जायची परवानगी असं कधीच धरायचं नाही. थांबायचंच असेल तर वेळेत वेग कमी करून, मागच्यालाही कळेल असं थांबावं आणि निर्णय त्या माणसाला घेऊ द्यावा.

कधी वाजवायलाच हवा

एवढं सगळं म्हणून झाल्यावर हेही सांगायला हवं की हॉर्न न वाजवणं ही काही फुशारकीची गोष्ट नाही. उभी गाडी न बघता रिव्हर्स येतेय, कोणी तुमच्या लेनमध्ये सरकत चाललाय, मूल चेंडूमागे रस्त्याकडे पळतंय, घाटात समोरचं दिसत नाही, इथे हॉर्न लगेच आणि ठणठणीत वाजवायचा, फक्त पाय आधी ब्रेकवर गेला पाहिजे. ताशी ५० ला गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते, तो सेकंद हॉर्नवर घालवला तर तो ब्रेकमधून गेला. आणि ज्याला वाजवतोय तो बहिरा असू शकतो, कानात इयरफोन असू शकतात, घाबरून जागीच थिजू शकतो, म्हणून तो बाजूला होईलच असं धरून वेग ठेवायचा नाही.

जनावरांच्या बाबतीत नियम उलटा आहे. घोडा, गुरं, मेंढ्यांचा कळप दिसला की हॉर्न अजिबात नको, इंजिन रेस करायचं नाही, वेग कमी करून भरपूर जागा सोडून हळू जायचं, नाहीतर बिथरलेलं जनावर नेमकं गाडीसमोर येतं.

इलेक्ट्रिक गाड्यांमुळे तर नवाच प्रश्न आला, कमी वेगात त्या ऐकूच येत नाहीत आणि दृष्टिहीन माणसाला रस्ता ओलांडताना कानांवरच अवलंबून राहावं लागतं. म्हणून युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीला ताशी २० किलोमीटरपर्यंत आपोआप हलका आवाज करणारी यंत्रणा सक्तीची आहे, अमेरिकेतही ताशी ३० किलोमीटरपर्यंत असाच नियम आहे. हा आवाज वेगाबरोबर बदलतो, त्यामुळे गाडी जवळ येतेय का, वेग घेतेय का थांबतेय हे ऐकणाऱ्याला न दचकता कळतं.