सोमवारचा समूहगायन वर्ग: नाव घालण्याआधी वाचा

चौकशीला येणारी बरीच मंडळी चपला काढायच्या आधीच सांगून टाकतात, "आवड आहे हो, पण आवाज नाही." आमचा अनुभव वेगळा आहे. आवाज असतो, पट्टी चुकलेली असते. गणपतीतली आरती आठवा. एखादे काका उत्साहात ती वरच्या पट्टीत उचलतात आणि दुसऱ्या कडव्याला निम्मी मंडळी नुसते ओठ हलवत असतात. टाळ्या मात्र जोरात. त्यांना गाता येत नाही असं नाही. काकांची पट्टी त्यांच्या गळ्यात बसत नाही, एवढंच.

म्हणून डोंबिवलीतल्या आमच्या वर्गात पहिल्या दिवशी गाणं नाही. प्रत्येकाला पाचेक मिनिटं एकट्याने पेटीजवळ बसवतो, नाव-पत्ता विचारत गप्पा मारतो आणि बोलता बोलता तुमचा आवाज कुठे टेकतो ते पेटीवर शोधतो. बोलताना पुरुषांच्या स्वरतंतूंची सेकंदाला साधारण १०० ते १३० कंपनं होतात, बायकांची २०० च्या आसपास. खरी पंचाईत इथे आहे. बायकांना काळी चार सोयीची, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी सा धरून गायचं; पुरुषांना काळी एक, म्हणजे पहिली. काळी चारमध्ये पुरुषांचा खालचा सा नुसता घरघरतो आणि वरचा सा धरला तर पुढे चढायला जागाच राहत नाही.

यावर पेटीतच एक तोड आहे. काळी चारचा मध्यम, म्हणजे सा पासून चौथा स्वर म, हीच काळी एक. बायकांचं कडवं मध्यमावर आणून सोडायचं आणि तोच स्वर पुरुषांनी सा म्हणून उचलायचा. पेटीवाल्याला काही शोधावं लागत नाही, बोट आधीच तिथे असतं. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडे बघून हसतात. सगळ्यांनी एकत्र म्हणायची गाणी मात्र आम्ही मुद्दाम सात-आठ स्वरांत मावणारी निवडतो.

ही अक्कल आम्हाला चुकून आली. पहिल्या वर्षी गाणं शिकलेल्या चार बायका होत्या, त्यांना शोभेल म्हणून काळी पाच धरली. तार गंधार, म्हणजे वरच्या सा च्याही पुढचा ग, आला की मागच्या दोन रांगा गप्प. तक्रार कुणीच केली नाही. एकेकीला सोमवारीच पाहुणे येऊ लागले. चूक माझी होती. घरोघरी फोन करून तसं सांगितलं, पट्टी उतरवली, तेव्हा बहुतेक जणी परतल्या.

आमच्याकडे लोकलच्या डब्यात वर्षानुवर्षं भजन म्हणणारेही येतात. ताल पक्का, पाठांतर दांडगं, पण गळा बसलेला. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो आणि गाडीच्या खडखडाटापुढे कुणाचाच गळा टिकत नाही. त्यांना एकच गोष्ट नव्याने शिकावी लागते: शेजारच्याचा आवाज ऐकू येत नसेल तर आपण जास्त मोठ्याने गातोय. दुसरी शिस्त श्वासाची. लांब ओळीत दोन शेजाऱ्यांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही. मग ऐकणाऱ्याला ओळ कुठे तुटलेली कळत नाही, आणि शेजारी कोण बसलंय याकडे आपसूक लक्ष जातं.

"गाणं असं घोळक्यात शिकतात का?" हाही प्रश्न येतो. शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गुरूच्या घरी राहून शिकायची विद्या वर्गात आणली. तेव्हा हे खूळ आमचं नव्हे.

ओळखी होतात का? होतात, आणि लवकर होतात. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या गाण्याच्या, हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गांवर सात महिने नजर ठेवून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गाणाऱ्यांची आपसांत गट्टी सर्वांत आधी जमली. सात महिन्यांच्या शेवटी मात्र तिन्हीकडे जवळीक सारखीच होती. म्हणजे विणकामाच्या वर्गातही मैत्री होते, वेळ जास्त लागतो. गाण्याने दमा किंवा रक्तदाब बरा होतो असं आम्ही सांगत नाही. त्यासाठी डॉक्टर.

आवाज फुटत असलेल्या मुलांना घरी ठेवू नका. मुलाचा आवाज जवळजवळ एक सप्तक, म्हणजे वरच्या सा वरून खालच्या सा इतका, खाली उतरतो, त्या काळात चार-पाच स्वरांचीच ओळ त्याला देतो.

वर्ग दर सोमवारी संध्याकाळी सात ते साडेआठ. महिन्याचे ६०० रुपये. घरातल्या दुसऱ्या माणसाला निम्मे. पाण्याची बाटली आणा, पण पाणी दुपारपासूनच पीत राहा. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, त्यामुळे ऐनवेळच्या घोटाने फक्त घशाला बरं वाटतं. घसा खाकरू नका, आवंढा गिळा. खडीसाखर, ज्येष्ठमध ज्याची त्याची आवड. वही नको, शब्द आम्ही मोठ्या अक्षरात छापून देतो. पहिले दोन सोमवार नुसतं ऐकायला बसलात तरी चालेल, त्याचे पैसे घेत नाही. मागच्या रांगेत पंख्याखालच्या खुर्च्या त्यासाठीच ठेवल्या आहेत.