पवनेचं पाणी: मे महिन्यातलं आणि जानेवारीतलं

पुण्या-मुंबईची मंडळी पवना धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे सगळे ज्याला बॅकवॉटर म्हणतात तिथं, पाण्यात उतरायच्या ओढीनं जातात ती एप्रिल-मेमध्ये. भोवती तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर, काठावर तंबू, आणि पाय घातला तर पाणी छान कोमट. पण या पाण्यात उतरायला वर्षातले सर्वांत फसवे महिने कुठले, असं कुणी विचारलं तर पावसाळ्याच्या खालोखाल मी हेच सांगेन. ‘धरण दरवर्षी बळी घेतं’, ‘खालून कुणीतरी पाय ओढतं’ असं काठावरच्या गावांत म्हणतात. पाय ओढल्यासारखं वाटतं हे खरं आहे, आणि त्याची कारणं पाण्याच्या तापमानात व जमिनीच्या उतारात सापडतात.

उन्हातून येणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी पाण्याच्या वरच्या एका मीटरमध्येच मुरते. तापलेलं पाणी हलकं होतं आणि वरच राहतं. न्हाणीघरातल्या गार पाण्याच्या बादलीत कढत पाणी हळूच ओतून ढवळायचं राहिलं तर जे होतं, तेच इथं होतं. दख्खनच्या पठारावरच्या खोल जलाशयांत मेमध्ये पृष्ठभागाचं पाणी साधारण २८ ते ३१ अंश सेल्सिअस असतं, तर खोलवर हिवाळ्यात गार होऊन बसलेलं पाणी २१ ते २४ अंशांच्या आसपास राहतं. दोन्हींच्या मधल्या थोड्याशा जाडीत तापमान झपाट्यानं उतरतं. या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात.

पाच-सात अंशांचा फरक किरकोळ वाटेल. पण पाण्याची घनता तापमानाबरोबर सारख्या प्रमाणात बदलत नाही. ५ आणि १० अंशांच्या पाण्यात घनमीटरमागे फरक जेमतेम पाव किलोचा. २५ आणि ३० अंशांच्या पाण्यात तोच सुमारे १.४ किलोचा. म्हणजे तेवढ्याच पाच अंशांनी आपल्याकडे पाचपट पक्के थर तयार होतात. थंड देशांतल्या तळ्यांमध्ये वारा जे काम सहज करतो, त्यासाठी आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याला फार जोर लावावा लागतो. म्हणून दुपारभर वारा सुटूनही खालचं पाणी गारच राहतं.

आता या पाण्यात उडी मारणाऱ्याचं काय होतं ते पाहू. कातडीला अचानक गार पाणी लागलं की माणूस नकळत मोठा श्वास ओढतो आणि पुढचा मिनीटभर श्वास भराभर चालतो. ही प्रतिक्रिया २५ अंशांखाली सुरू होते आणि १० ते १५ अंशांच्या पाण्यात सर्वांत तीव्र असते. मावळातल्या धरणात ती युरोपातल्या तळ्याइतकी भयंकर नसणार, हे उघड आहे. पण कोमट पाण्याच्या भरवशावर सूर मारलेला, नवशिका, कदाचित दारू प्यायलेला माणूस खालच्या गार थरात पोचला आणि तिथं त्यानं दचकून श्वास घेतला, तर तेवढंच पुरतं. शिवाय हा गारवा पायांना आधी लागतो. छाती कोमट पाण्यात आणि पाय गार पाण्यात, असा तो विचित्र अनुभव असतो.

समुद्रात पोहायला शिकलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे तीन टक्के जड असतं. ६०-६५ किलोच्या माणसाला धरणात समुद्राच्या तुलनेत जवळपास दोन किलो कमी उचल मिळते. छातीत हवा भरलेली असेपर्यंत बहुतेकजण तरंगतात. श्वास सोडला, ओरडले, की बुडू लागतात. ओल्या जीनपँटीत पाय मारून दमणं हे त्यात आणखी.

आणि उतार. नैसर्गिक तळ्याचा काठ हजारो वर्षं लाटांनी घासून बसलेला असतो. धरणाचा काठ म्हणजे डोंगराची बुडालेली बाजू. पाणी दर महिन्याला वेगळ्या उंचीवर असतं, त्यामुळे मेमध्ये आपण जिथं उभे असतो ती जागा सप्टेंबरमध्ये कित्येक हात पाण्याखाली होती. तिथं शेताचे बांध आहेत, जुन्या विहिरी आहेत, मऊ गाळ आहे. पवनेत बुडालेलं वाघेश्वराचं जुनं मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बाहेर येतं आणि लोक दर्शनाला जातात. मंदिर दिसतं तेव्हा बघावं की त्याच्याभोवतीची जमीन कशी आहे; तशीच जमीन पुढं पाण्याखाली गेलेली आहे. कमरेएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं की बांध संपतो, पाय गाळात रुततो. खालून ओढलं जाणं म्हणतात ते बहुतेक वेळा हेच.

जुलैत सगळंच पालटतं. सह्याद्रीवरून येणारं पावसाचं पाणी जलाशयाच्या वरच्या थराहून गार आणि गाळानं जड असतं, त्यामुळे ते खाली शिरून जुन्या नदीपात्राच्या वाटेनं सरकतं. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली प्रवाह असतो आणि गढूळ पाण्यात बुडणारा माणूस हातभर अंतरावरूनही दिसत नाही. पावसाळ्यात कुठल्याही धरणात उतरू नये, यावर मला चर्चाच करायची नाही.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पृष्ठभाग गार होतो, ते पाणी जड होऊन खाली जातं आणि हळूहळू वरपासून खोलवर जलाशय एकाच तापमानाचा होतो. तळाला महिनोन्‌महिने ऑक्सिजनविना राहिलेलं पाणी या वेळी वर येतं. अशा काळात काही धरणांच्या पाण्याला वास येतो, मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. जानेवारीच्या पहाटे हवा १०-१२ अंश आणि पाणी २१-२३, त्यामुळे आत शिरताना ते उबदार भासतं. थर नसल्यानं फसवणूकही नसते. पण हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट चांगलं उष्णतावाहक आहे. अर्ध्या-पाऊण तासात हुडहुडी भरते आणि बोटं नीट मिटत नाहीत. तेव्हा काठ जवळ हवा.

खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींसाठी पाणी किमान १६ आणि कमाल ३१ अंश असावं, असा नियम आहे. कमाल मर्यादेमागे एक दुःखद घटना आहे: २०१० साली संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथं अमेरिकेचा जलतरणपटू फ्रॅन क्रिपन अतिशय गरम पाण्यातल्या शर्यतीत मरण पावला. मेमधलं आपलं धरण या कमाल मर्यादेला भिडलेलं असतं, हे दुपारी लांब पोहण्याची उमेद असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला पिण्यासाठी जातं. पाण्यात उतरू नका असे फलक काठावर आहेत आणि ते बाराही महिने लागू आहेत. तरीही कुणी बुडताना दिसलाच, तर त्याच्यामागे उडी टाकू नका. मावळात एकापाठोपाठ दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या याच चुकीच्या असतात. घट्ट बूच लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन सुमारे पाच किलोची उचल देतो, म्हणजे एका माणसाचं डोकं पाण्यावर राहण्याइतकी. तंबूची दोरी त्याला बांधून फेका. कॅन नसेल तर पाण्याच्या दोन लिटरच्या दोन-तीन बाटल्या रिकाम्या करून, झाकणं लावून ओढणीत बांधल्या तरी चालतात.