१२ किलोमीटरची वाट १४ कशी होते?

एकाच डोंगरवाटेने दोघं बरोबर चालून येतात. एकाचा फोन म्हणतो १२ किलोमीटर, दुसऱ्याचा म्हणतो १४, आणि वाटेच्या तोंडाशी लावलेल्या पाटीवर तिसराच आकडा असतो. मग कोणीतरी हमखास सांगतं, "नकाशा सपाट असतो ना, त्यात चढ धरलेला नसतो!" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आधी त्याचाच हिशेब मांडतो. नकाशावर १० किलोमीटर भरणारी वाट एकसारखी चढत १,००० मीटर वर गेली, तर पायथागोरसच्या नियमाने तिची लांबी येते १०.०५ किलोमीटर. घामटं काढणारा चढ, आणि अंतरात भर जेमतेम ५० मीटरची. चढाने वेळ वाढतो, दम लागतो, पण अंतर फारसं वाढत नाही. ते दोन किलोमीटर दुसरीकडून आलेले असतात.

डोंगरवाटांची अंतरं सांगणारं वेबपान तयार करायला घेतलं की हा प्रश्न पहिल्याच दिवशी आडवा येतो. पान बनवणं सोपं आहे, डेटाबेसही फुकट मिळतात. पण त्यात भरायचा आकडा कोणता?

जीपीएस आपली वाट रेघ म्हणून नोंदवत नाही, बिंदू म्हणून नोंदवतं. दर काही सेकंदांनी एक बिंदू. मग लगतच्या दोन बिंदूंमधलं सरळ अंतर काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची, ती झाली वाटेची लांबी. आता प्रत्येक बिंदूत थोडी चूक असतेच. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो, आणि झाडीत किंवा कड्याला लागून चालताना त्याहून वाईट. आपण मात्र सौम्य चूक धरू. वाट अगदी सरळ आहे, दर ५ मीटरला एक बिंदू पडतो, पण एक बिंदू दीड मीटर डावीकडे आणि पुढचा दीड मीटर उजवीकडे. म्हणजे प्रत्येक पावलाला ५ मीटर पुढे आणि ३ मीटर आडवं. ५ चा वर्ग २५, ३ चा ९, बेरीज ३४, तिचं वर्गमूळ ५.८३. प्रत्येक ५ मीटरमागे ८३ सेंटिमीटर फुकटचे! १२ किलोमीटरचे सरळ १४ झाले.

आता तीच चूक ठेवून बिंदू दर ५० मीटरला घ्या. ५० पुढे, ३ आडवं, कर्ण ५०.०९. पूर्ण वाट १२.०२ किलोमीटर. उपकरण तेच, चूक तीच, फक्त मोजपट्टी लांब केली आणि दोन किलोमीटर नाहीसे झाले. मला या हिशेबाचं वेड आहे ते यासाठी की इथे जास्त माहिती घेतल्याने उत्तर बिघडतं. चूक डावीकडे जावो की उजवीकडे, लांबी वाढतेच. उलटसुलट चुका बेरजेत एकमेकींना खाऊन टाकतील, ही आपली नेहमीची आशा इथे फोल ठरते, कारण लांबी उणे होऊच शकत नाही. प्रत्यक्षात लागोपाठच्या बिंदूंच्या चुका बऱ्याचशा एकाच दिशेच्या असतात, म्हणून फुगवटा सहसा इतका मोठा येत नाही. पण येतो. माझ्या एका नोंदीत झाडाखालची वीस मिनिटांची विश्रांती आहे. नकाशा मोठा करून पाहिला, तर त्या जागी दोऱ्याचा गुंता पडल्यासारखं दिसतं. मी दगडावर बसून होतो आणि बेरीज चालूच होती.

मग सरसकट ५० मीटरचीच पट्टी का वापरू नये? कारण वाटा नागमोडी असतात. तीस-तीस मीटरची वळणं घेत चढणाऱ्या वाटेवर ५० मीटरची पट्टी वळणंच गिळून टाकते. लहान पट्टी लांबी फुगवते, मोठी पट्टी कापते. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाला देशांच्या सीमांबाबत हेच आढळलं होतं. स्पेन आणि पोर्तुगाल यांची सामाईक सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर दिलेली, तर दुसऱ्या ठिकाणी १,२१४. त्याचं हे काम त्याच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९६७ मध्ये गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉटने त्यावर ब्रिटनच्या किनाऱ्याचा प्रसिद्ध लेख लिहिला. वाटेची लांबी जमिनीवर तयार पडलेली नसते, ती मोजण्याच्या नियमासकट येते. म्हणून सगळ्या वाटा एकाच नियमाने मोजायच्या. थांबल्या जागेचे गुंते काढायचे, वाटेपासून तीन-चार मीटरच्या आत हेलकावणारे बिंदू गाळायचे, खरी वळणं राखायची. '१२.३४७ किलोमीटर' असं दाखवून अचूकतेची जाहिरात करणाऱ्या ॲपवर मात्र विश्वास ठेवू नका. त्यातले शेवटचे दोन अंक निव्वळ सजावट आहेत.

दोन बिंदूंमधलं अंतर काढतानाही एक खाच आहे. अक्षांश-रेखांश अंशांत असतात आणि पृथ्वी गोल आहे. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे साधारण १११ किलोमीटरचा, पण रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढा आणि ६० अक्षांशावर त्याच्या निम्मा. डेटाबेसला हे सांगितलं नाही, तर तो अंशांनाच लांबी समजून ०.०८३ असलं उत्तर देतो. गोलावरच्या अंतराचं पाठ्यपुस्तकी सूत्र कोसाइनवर उभं आहे आणि लहान अंतरांना ते दगा देतं. दोन बिंदू १० मीटरवर असले, तर पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन इतका बारीक असतो की त्याचा कोसाइन १ पेक्षा सुमारे एक लक्ष-कोट्यंशाने कमी भरतो. दहा दशांश स्थळं धरणारा हिशेब त्याला १ च म्हणतो, आणि अंतर येतं शून्य. अशा हिशेबात ६० मीटरपर्यंतचं प्रत्येक अंतर शून्य, म्हणजे पूर्ण वाटच शून्य! संगणक पंधरा-सोळा अंक धरतो म्हणून एवढं बिघडत नाही, तरी मीटरभर अंतरावरच्या बिंदूंना धक्का बसतोच. यावर उपाय 'हॅव्हरसाइन' सूत्राचा. १ मधून कोसाइन वजा करत बसण्याऐवजी अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग घ्यायचा. किंमत बरोबर निम्मी येते, पण वजाबाकीत हरवणारे अंक हरवत नाहीत. १ वजा कोसाइन या राशीला आपल्या जुन्या ज्योतिषगणितात 'उत्क्रमज्या' असं नाव आहे. हॅव्हरसाइन म्हणजे तिचा अर्धा.

आता डेटाबेस. पहिला मोह होतो तो प्रत्येक दोन ठिकाणांमधलं अंतर साठवायचा. २०० ठिकाणं असली तर १९,९०० जोड्या होतात आणि एक पूल वाहून गेला की त्यातल्या किती बदलायच्या हे कळत नाही. त्यापेक्षा वाटेचे फाट्यापासून फाट्यापर्यंत तुकडे करायचे. एका तुकड्याची एक ओळ: सुरुवातीचा फाटा, शेवटचा फाटा, लांबी, एकूण चढ, एकूण उतार. उलट्या दिशेसाठी वेगळी ओळ नको, चढ आणि उतार यांची अदलाबदल केली की झालं. फाट्यांच्या जाळ्यातून जवळची वाट डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाची रीत काढून देते. डायक्स्ट्राला ती १९५६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एका कॅफेत वीसेक मिनिटांत सुचली. सुरुवातीच्या फाट्यावर पाणी सोडलं आहे आणि ते सगळ्या वाटांनी सारख्या वेगाने पसरत आहे, अशी कल्पना करा. मुक्कामी सर्वांत आधी पोचलेलं पाणी ज्या वाटेने आलं, ती जवळची वाट.

चढ साठवून ठेवल्याने वेळेचा अंदाजही हाती येतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला नियम आजही वापरतात. दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. मघाच्या त्या १० किलोमीटरच्या वाटेला दोन तास चालण्याचे आणि एक तास चाळीस मिनिटं चढाची.

आणि वाटा सरकतात. दरड कोसळते, झरा पात्र बदलतो, वाट नव्याने आखावी लागते. अमेरिकेतली अपालाचियन ट्रेल सुमारे ३,५०० किलोमीटरची आहे आणि तिची अधिकृत लांबी अशा फेरबदलांमुळे बदलत राहते. सुरुवातीपासूनचं अंतर प्रत्येक ठिकाणापुढे लिहून ठेवलं असेल, तर एका वळशापायी पुढचे सगळे आकडे खोटे ठरतात. तुकडे साठवले असतील, तर तो भाग पुन्हा चालून मोजायचा आणि एकच ओळ बदलायची.