दगडाची काच करणारी आग

स्कॉटलंडमधल्या काही प्राचीन तटबंद्यांचे दगड वितळून एकमेकांना चिकटले आहेत. त्यांचे फोटो दाखवून ‘प्राचीन काळी अणुयुद्ध झालं होतं, हा घ्या पुरावा’ असं सांगणारे व्हिडिओ आपल्याकडेही फिरतात. पाठोपाठ मोहेंजोदारो येतं आणि त्यामागून ब्रह्मास्त्र. या दगडांची खरी गोष्ट इतकी सुंदर आहे, की ती अशी झाकली जाताना पाहवत नाही.

लॉक नेस या तलावाच्या काठावर अर्कर्ट नावाचा पडका किल्ला आहे. बरेच पर्यटक तिथे तलावातला राक्षस दिसेल या आशेने येतात. (2018 साली नील गेमेल यांच्या चमूने या तलावाच्या पाण्यातला डीएनए तपासला. महाकाय सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नव्हता, ईल माशांचा डीएनए मात्र भरपूर होता.) आज दिसतात ते अवशेष 13व्या शतकापासून पुढचे. 1296 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने हा किल्ला घेतला, 1307 मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याने तो परत मिळवला आणि पुढे मॅकडोनाल्ड घराण्यातल्या मंडळींनी तो पुन्हा पुन्हा लुटला. 1692 मध्ये तिथल्या सैन्याने किल्ला सोडताना शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून महादरवाजा सुरुंगाने उडवला. त्याचे प्रचंड तुकडे अजून तिथेच पडले आहेत.

पण या किल्ल्याखाली आणखी एक किल्ला आहे. 20व्या शतकाच्या सुरुवातीला इथे काचेसारखे झालेले दगड मिळाले होते. 1983 मध्ये पुरातत्त्वज्ञ लेस्ली अल्कॉक यांनी उत्खनन केलं, तेव्हा नैर्ऋत्येच्या खडकाळ टेकाडावर 5व्या ते 11व्या शतकांदरम्यानचा मोठा कोट असल्याचं दिसलं. पिक्ट या उत्तर स्कॉटलंडमधल्या प्राचीन लोकांचा राजा ब्राइडी याचं ठाणं बहुधा हेच, असं त्यांचं मत होतं. असे काचीभूत कोट स्कॉटलंडमध्ये सत्तरच्या आसपास आहेत आणि 1777 मध्ये जॉन विल्यम्स यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हापासून वाद चालू आहे.

प्रश्न असा, की लाकडाच्या आगीत दगड वितळतो कसा? खडकांत नेहमी आढळणारी दोन खनिजं घ्या. क्वार्ट्झ वितळायला 1700 अंश सेल्सियसच्या पुढे जावं लागतं. पोटॅश फेल्डस्पार, म्हणजे पोटॅशियमवालं फेल्डस्पार, 1150 अंशांना वितळू लागतं. मोकळ्यावरची शेकोटी तिथवर पोचत नाही.

पण खडक म्हणजे एक पदार्थ नव्हे, ते खनिजांचं मिश्रण आहे. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फात खडेमीठ घातलं, की शून्याच्या बऱ्याच खालीही बर्फ वितळत राहतो. एकटं मीठ वितळायला 801 अंश लागतात, पण दोघांची गाठ पडली की द्रव स्वस्तात तयार होतो. क्वार्ट्झ आणि पोटॅश फेल्डस्पार एकमेकांना खेटून असले, की जिथे त्यांचे कण भिडतात तिथे साधारण 990 अंशांनाच पहिला थेंब तयार होतो. सोडियमवालं फेल्डस्पार सोबत असेल तर त्याहून कमी तापमानाला.

पुढचं काम रेणूंच्या पातळीवर चालतं. सिलिकेट म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची घट्ट जाळी. दर दोन सिलिकॉनमध्ये एक ऑक्सिजन पुलासारखा. पोटॅशियमचा आयन आत शिरला की हे पूल तुटतात, जाळी सैल पडते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम असतंच. शिवाय अभ्रक तापलं की त्याच्या रचनेतलं पाणी बाहेर पडतं आणि तेही पूल तोडतं. ते वाफ होऊन निसटताना बुडबुडे उरतात, म्हणून हे दगड बरेचदा स्पंजासारखे सच्छिद्र दिसतात. हा द्रव इतका चिकट असतो, की थंड होताना अणूंना स्फटिकात नीट रांगा लावायला वेळच मिळत नाही. ते आहेत तसे गोठतात. तीच काच.

मात्र दगड उष्णतेचा वाईट वाहक. बाहेरून कितीही जाळलं तरी तटाचं पोट थंडच राहील. इथे तटाची बांधणी कामाला येते. या तटांच्या आत लाकडी तुळयांचा सांगाडा असे. तुळया पेटल्या की त्यांच्या खोबणींचे धुरांडे होतात, वारा आत खेचला जातो, उष्णता दगडांत कोंडते आणि तट स्वतःच भट्टी बनतो. गॉर्डन चाइल्ड आणि वॉलेस थॉर्निक्रॉफ्ट यांनी 1937 मध्ये असा तट बांधून पेटवला. आतले बेसाल्टचे दगड खरोखर वितळले आणि काचेवर लाकडाचे ठसेही उमटले. 1980 मध्ये इयन रॉल्स्टन यांनी ॲबर्डीनजवळ हाच प्रयोग केला. ढीगभर लाकूड जाळल्यावर हाती लागली थोडीशी काच. म्हणजे हे शक्य आहे, पण सहज होत नाही. कोणीतरी आग मुद्दाम धगधगत ठेवली असणार. तट मजबूत करायला मात्र नव्हे, कारण तुळया जळाल्या की तट खचतो. शत्रूचा कोट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नष्ट करण्यासाठी जाळला गेला, हे मला सर्वांत पटतं.

आणि अणुस्फोट किंवा कुठलाही स्फोट का नाही? 1692 चा सुरुंग आठवा. दारूच्या ज्वाळा खूप तापलेल्या, पण क्षणभरच. त्यांनी महादरवाजा फोडला, वितळवला नाही. तटाच्या पोटापर्यंत उष्णता झिरपायला तासन् तास लागतात. मोहेंजोदारोचे म्हणून दाखवतात ते वितळलेले गोळेही भट्टीतला मळ आणि जास्त भाजली गेलेली भांडी आहेत.

तारखांवरूनही हेच दिसतं. दगडातलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज 580 अंशांवर आपलं चुंबकत्व गमावतं आणि थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतं. ते क्षेत्र शतकागणिक सरकतं, त्यामुळे तट कधी विझला याचा अंदाज येतो. अट एवढीच, की दगड थंड झाल्यावर हललेला नसावा. त्याला जळक्या लाकडाच्या कार्बन कालमापनाची जोड मिळते. इनव्हरनेसजवळचा क्रेग फॅड्रिग ख्रिस्तपूर्व 4थ्या शतकाच्या आसपासचा निघतो, तर काही कोट त्यानंतर कित्येक शतकांनी, पिक्टांच्या काळात जळालेले. या आगी एका दिवसाच्या नाहीत, एका युद्धाच्याही नाहीत. त्यांच्यात हजाराहून अधिक वर्षांचं अंतर आहे.