ऱ्हीसस माकड व एड्सची लस

भारतीय वंशाच्या ऱ्हीसस (तांबड्या तोंडाच्या) माकडांवर एड्सप्रतिबंधक लसी पारखण्याची पद्धत. खानदेशाशी या विषयाचा संबंध येतो तो प्राणिभूगोलाच्या, म्हणजे कोणता प्राणी कोठे आढळतो याच्या, अंगाने. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून वाहणारी तापी ही पश्चिमेकडे ऱ्हीससची दक्षिण सीमा मानली जाते. तिच्या दक्षिणेस बॉनेट माकड. मात्र ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत असल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा ही रेषा ढोबळच समजावी. काळ्या तोंडाच्या वानराचा येथे संबंध नाही.

माणसाला एड्स करणारा एचआयव्ही-१ हा विषाणू ऱ्हीससमध्ये टिकत नाही. ऱ्हीससच्या पेशींतील ट्रिम-५ आल्फा हे प्रथिन या विषाणूला अडवते (२००४ मधील शोध). चिंपँझीला लागण होते, पण तो क्वचितच आजारी पडतो. म्हणून एसआयव्ही हा माकडांचा विषाणू वापरतात. तो १९८५ मध्ये अमेरिकेतील बंदिस्त ऱ्हीससमधून वेगळा करण्यात आला. तो मुळात ऱ्हीससचाच असावा असे आरंभी वाटणे स्वाभाविक होते. परंतु आशियातील रानातल्या माकडांत तो आढळत नाही; पश्चिम आफ्रिकेतील सूटी मँगबे या माकडात तो असतो आणि त्याला सहसा आजारी पाडत नाही. अमेरिकी प्राणिकेंद्रांत मँगबेकडून ऱ्हीससकडे तो गेला, हे मत आता अधिक ग्राह्य धरले जाते. चिनी वंशाच्या ऱ्हीससपेक्षा भारतीय वंशाच्यात रोग सामान्यतः वेगाने वाढतो, त्यामुळे याच माकडांना मागणी. भारताने १९७८ मध्ये निर्यात बंद केली. परदेशी केंद्रांतली आजची भारतीय ऱ्हीसस ही बहुतांशी आधी गेलेल्यांची संतती. पकडलेली माकडे मुख्यतः उत्तर भारतातली होती.

या पद्धतीने आशा दाखवली, तशी फसगतही केली. नेफ हे विषाणूचे जनुक काढून दुर्बल केलेल्या जिवंत एसआयव्हीने प्रौढ माकडांना संरक्षण मिळाल्याचे १९९२ मध्ये दिसले. पण १९९५ मध्ये तशाच प्रकारच्या दुर्बल केलेल्या विषाणूने नवजात पिल्लांना एड्स झाला आणि तो मार्ग माणसासाठी धोक्याचा ठरला. पुढे अ‍ॅडिनोव्हायरसवर (सर्दीसारखे आजार करणाऱ्या विषाणूवर) आधारलेली लस एसएचआयव्ही या एसआयव्ही व एचआयव्ही यांच्या संकरित विषाणूविरुद्ध माकडांत प्रभावी वाटली. अशाच लसीची माणसांवरील ‘स्टेप’ चाचणी मात्र संरक्षण न मिळाल्याने २००७ मध्ये थांबवावी लागली. निवडलेला संकरित विषाणू फारच सहज आवरण्याजोगा होता, हे त्यावरचे पटण्याजोगे स्पष्टीकरण.

भारतात एड्स-लसीची पहिली मानवी चाचणी २००५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाली. लसीला शरीराचा प्रतिकारक प्रतिसाद माफकच मिळाला.