लाल चौकटीतला पुरुष

लाल रंगाचं प्रेमाशी नातं जोडायला शास्त्रज्ञ लागत नाहीत. तरी २००८ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातले अँड्र्यू इलियट आणि डॅनिएला निएस्टा यांनी हे नातं प्रयोगात सापडल्याचं मांडलं: बाईचा फोटो लाल पार्श्वभूमीवर असेल, तर पुरुषांना ती जास्त आकर्षक वाटते. २०१० मध्ये इलियट आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू तपासली. लाल रंगासोबत दिसलेला पुरुष स्त्रियांच्या नजरेत वरच्या दर्जाचा ठरतो, म्हणून तो अधिक आवडतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

अडचण होती ती सहभागींच्या संख्येची. एकेका प्रयोगात माणसं मोजकीच. वीस जणींच्या गटात दोघी-तिघींची आवड जरा वेगळी निघाली, तरी सरासरी हलते; तो फरक रंगाचा की योगायोगाचा, हे सांगता येत नाही.

इथे विद्यार्थी कामी आले, आणि मला या गोष्टीतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मानसशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात अनेकदा प्रयोग करावा लागतो. गुण मिळाले की तो फायलीत जातो. एवढी मेहनत वाया का घालवायची? 'कोलॅबरेटिव्ह रेप्लिकेशन्स अँड एज्युकेशन प्रोजेक्ट', म्हणजे 'क्रेप', या उपक्रमात वेगवेगळ्या ठिकाणचे विद्यार्थी एकच गाजलेला प्रयोग पुन्हा करतात. आराखडा आधीच नोंदवून ठेवायचा, तो जाणकारांकडून तपासून घ्यायचा, मगच माहिती गोळा करायची. त्यामुळे आकडे हाती आल्यावर प्रश्नच बदलून टाकायला वाव उरत नाही.

२०१० च्या शोधनिबंधातला तिसरा प्रयोग अशा रीतीने पुन्हा झाला: पुरुषाचा फोटो, भोवती रंगीत चौकट, आणि तो किती आकर्षक वाटतो याला गुण. नऊ विद्यार्थी-प्रकल्पांचे मिळून ६४० सहभागी झाले. एकत्रित निकाल २०१९ मध्ये छापून आला. लाल चौकटीतल्या पुरुषाला सरासरी ०.०७ गुण कमीच पडले होते, आणि हा फरक शून्यापासून वेगळा म्हणता येण्याजोगा नव्हता. लैंगिक आकर्षणाच्या प्रश्नालाही तेच उत्तर आलं. मूळ प्रयोगाचे आकडे मिसळून पाहिले, तरी चित्र बदललं नाही. उत्तर देणारी व्यक्ती आधीच कुणाशी नात्यात आहे का, यानेही काही फरक पडला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी या विषयावरच्या सगळ्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा निघाला होता. लाल रंगाचा परिणाम असलाच तर लहान आहे, असं त्यात म्हटलं होतं. त्याच्या लेखकांमध्ये इलियट स्वतः होते.