पाच मोटरमन कमी पडले, तर?

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार. मध्य रेल्वेवर त्या दिवशी शंभराच्या आसपास लोकल फेऱ्या रद्द झाल्या. कारण पाऊस नव्हतं, तुटलेली ओव्हरहेड वायर नव्हतं की मेगाब्लॉकही नव्हतं. आदल्या दिवशी एका मोटरमनचा अपघाती मृत्यू झाला होता. त्याचे सहकारी अंत्यसंस्काराला गेले आणि अनेकांनी जादा ड्युटी घेतली नाही. जादा काम थांबलं आणि वेळापत्रक कोलमडलं. याचा सरळ अर्थ असा, की रोजचं वेळापत्रक जादा कामाच्या टेकूवरच उभं होतं. मध्य रेल्वे रोज १८०० च्या आसपास लोकल फेऱ्या चालवते, त्यामुळे हा टेकू एरवी कुणाच्या नजरेत येत नाही.

माणसं थोडी कमी असली की गाड्याही थोड्या कमी धावतील, असं आपल्याला वाटतं. गणित मात्र तसं चालत नाही. समजा, एका लॉबीला रोज शंभर ड्युट्या भरायच्या आहेत (मोटरमन जिथे हजेरी लावतात, ती लॉबी). ठरलेला माणूस ऐनवेळी न येण्याची शक्यता पाच टक्के धरू. ताप, घरातली मयत, पाठीचं दुखणं, काहीही. म्हणजे सरासरीने रोज पाच गैरहजर. हिशेबी साहेब म्हणतील, मग पाच माणसं स्पेअर ठेवा, झालं! पण सरासरी पाच म्हणजे रोज पाच नव्हे. एखाद्या दिवशी दोघेच, एखाद्या दिवशी नऊ. संभाव्यताशास्त्रातलं द्विपद वितरणाचं सूत्र लावलं, तर पाच स्पेअर असतानाही वर्षातले सुमारे १४० दिवस माणसं कमी पडतात. आठ ठेवले तर २३ दिवस. दहा ठेवले तर जेमतेम चार दिवस.

हेच आकडे उलटे वाचले की खरी गंमत कळते. दहा स्पेअरपैकी दोन निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरल्या नाहीत, तर कागदावर कमतरता फक्त दोन माणसांची. फलाटावर मात्र चार वाईट दिवसांचे २३ होतात. आणि हे गणितसुद्धा उदारच आहे. एकाच्या रजेचा दुसऱ्याच्या रजेशी संबंध नाही, असं ते गृहीत धरतं. गणपतीत रजा सगळ्यांनाच हवी असते, आणि पावसाळ्यातली साथ काही एकट्यादुकट्याला गाठत नाही.

एक माणूस आला नाही की एकच फेरी जाते, असंही नाही. मोटरमनच्या दिवसभराच्या फेऱ्या एकमेकींत ओवलेल्या असतात, त्याला रेल्वेत लिंक म्हणतात. सीएसएमटीहून कल्याण, तिथून परत, जेवण, मग ठाण्याची एक फेरी, असं काहीसं. त्या एका गैरहजेरीने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तीन-चार भोकं पडतात. ही लिंक बांधणं हे गणितातल्या अवघड कोड्यांपैकी एक समजलं जातं. नुसत्या तीस फेऱ्यांतून चार-चारचे गट पाडायचे म्हटले, तरी २७,४०५ प्रकार होतात. त्यातले बहुतेक निरुपयोगी, कारण कल्याणला संपलेली फेरी सीएसएमटीहून पुढे सुरू करता येत नाही, आणि विश्रांतीचे तासही पाळायचे असतात. संगणक यातून चांगलं उत्तर शोधून देतो. पण ‘चांगलं’ म्हणजे कमीत कमी माणसांत बसवलेलं, आणि जितकं घट्ट बसवावं तितकं एक टाका उसवला की जास्त फाटतं.

शेवटच्या स्टेशनवर तर माणसांची उधळपट्टी केलेलीच परवडते. बारा डब्यांची लोकल जवळपास अडीचशे मीटर लांब. आलेल्या मोटरमनने फलाटावरच्या गर्दीतून तेवढं चालत दुसऱ्या टोकाला जायचं, तर तितका वेळ फलाट अडतो, आणि सीएसएमटीला लोकलसाठी एकूण सातच फलाट आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या, म्हणजे दर १०० सेकंदांना एक, सुटतात. तिथे आलेला चालक खाली उतरतो, त्याची गाडी दुसराच कुणीतरी घेऊन जातो, आणि तो मागून येणारी गाडी घेतो. म्हणजे गाड्यांपेक्षा चालक जास्त लागतात. हिशेबनिसाला जी माणसं बसून दिसतात, त्यांच्याच जिवावर हा वेग असतो.

आता फलाटावर येऊ. दर चार मिनिटांनी गाडी असेल, तर सरासरी दोन मिनिटं थांबावं लागतं. दहातली एक फेरी रद्द झाली, की आठ वेळा चार मिनिटांचं आणि एकदा आठ मिनिटांचं अंतर पडतं. गाड्या दहा टक्के घटल्या, पण सरासरी थांबणं २.४ मिनिटांवर गेलं. म्हणजे वाढ वीस टक्क्यांची! कारण लांब अंतरात जास्त माणसं सापडतात. इथे दर पाचातला एक प्रवासी त्या आठ मिनिटांत अडकतो, आणि पुढच्या गाडीवर दुप्पट गर्दी तुटून पडते. चढ-उतार लांबते. दर स्टेशनवर पंधरा सेकंद जास्त गेले, तर दहा स्टेशनांत अडीच मिनिटं गेली, आणि तोवर मागची गाडी शेपटाला येऊन लागते. एसी लोकलमध्ये तर दार लागल्याशिवाय गाडी हलतच नाही. उद्घोषणेत मात्र सगळ्यालाच ‘तांत्रिक कारण’.

हे सगळं टळावं म्हणून जादा ड्युटी दिली जाते. तिचा भत्ता मिळतो, त्यामुळे कुणी लगेच तक्रारही करत नाही. पण शरीराचा हिशेब वेगळा असतो. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते. लॉबीत साइन ऑन करताना मोटरमनला ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकावं लागतं. त्यात दारू पकडली जाते, जागरण नाही. पहाटेची पहिली लोकल न्यायची तर रात्री दोन-अडीचला उठावं लागतं, आणि मेंदूची जागरूकता नेमकी त्याच सुमारास तळाला असते.

त्यात मोटरमन कॅबमध्ये एकटा. डेड मॅन्स हँडल सतत दाबून धरायचं, सोडलं की ब्रेक. पिवळ्या सिग्नलपाशी रुळालगतच्या चुंबकामुळे कॅबमध्ये इशारा वाजतो आणि ठरावीक सेकंदांत बटण दाबून ‘पाहिलं’ अशी कबुली द्यावी लागते. गर्दीच्या वेळी पुढची गाडी सतत जवळ असते, त्यामुळे पिवळे सिग्नल एकामागून एक येत राहतात. शंभरदा दाबलेलं बटण एकशे एकाव्यांदा हात आपोआप दाबतो, डोळ्यांनी पाहिलेलं असो वा नसो. यंत्रणेने राखलेली सावधगिरी थकव्यापुढे अशी पातळ होते. लाल सिग्नल ओलांडला गेला की चौकशी मोटरमनची होते. ती व्हायलाच हवी, पण गेल्या पंधरवड्यात त्याला किती जादा ड्युट्या दिल्या, हेही त्याच कागदावर आलं पाहिजे, असं माझं मत.

मग भरती करा ना! करतात, पण मोटरमन थेट भरतीतून मिळत नाही. आधी सहायक लोको पायलट, मग मालगाडी, मग निवड, मानसशास्त्रीय चाचणी, दृष्टीची कडक तपासणी, आणि शेवटी त्या-त्या मार्गावर दिवसा आणि रात्री जाणत्याबरोबर फिरून केलेलं ‘लर्निंग रोड’. सहायक लोको पायलटांची २०१८ नंतरची मोठी भरती २०२४ मध्ये निघाली. सुरुवातीला ५,६९६ जागा होत्या, त्या जूनमध्ये १८,७९९ केल्या. मधल्या वर्षांचा खड्डा लोकलच्या कॅबपर्यंत आणखी काही वर्षांनी पोहोचणार. न्यूयॉर्कला हे लवकर भोगावं लागलं. २०२० च्या साथीत तिथे भरती थांबवली आणि २०२१ मध्ये माणसांअभावी सबवेच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या.

चालकाविना गाडी हा मार्ग मेट्रोला जमतो. दिल्लीच्या मॅजेंटा लाइनवर २०२० पासून तशी गाडी धावते. आपल्या लोकलच्या रुळांवर माणसं येतात आणि काही मार्गांवर मेल-एक्सप्रेसही धावतात, त्यामुळे तो विचार सध्या बाजूला ठेवलेला बरा.

त्यापेक्षा कमतरता आधीच मान्य करून वेळापत्रक समान विरळ करणं बरं. व्हिएन्नाने २०२३ मध्ये काही ट्राम आणि बसमार्गांवर तसं केलं. वरच्याच उदाहरणात नऊ गाड्या सारख्या अंतराने सोडल्या, तर थांबणं वीसऐवजी अकरा टक्क्यांनीच वाढतं. मुंबईत खच्चून भरलेल्या गाडीची फेरी जाहीरपणे कमी करायला कुणी धजणार नाही, हे खरं. पण बारा डब्यांच्या पाच गाड्यांचे डबे साठ, आणि पंधरा डब्यांच्या चार गाड्यांचेही साठच. पाचातला एक मोटरमन वाचतो आणि चार मिनिटांचं अंतर पाच मिनिटांचं होतं, म्हणजे प्रवाशाला सरासरी अर्धा मिनिट जास्त थांबावं लागेल. त्यासाठी आधी धीम्या मार्गावरचे फलाट लांबवायला हवेत.